निर्मळच्या आधीचा आवाज

चंद्रावरच्या माणसाचा आवाज शेजारच्या खोलीतल्या माणसापेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागला, याला जबाबदार आम्ही दोघं. एक सानिका भोइटे आणि दुसरा मी, फरहान मुजावर. त्यात अक्कल बहुतेक तिची आणि हमाली माझी, असं ती म्हणते. मी ते कधी खोडून काढलेलं नाही. सानिकाशी वाद घालायचा म्हणजे दिवस मोकळा ठेवावा लागतो.

आमचं केंद्र माण तालुक्यातल्या एका उजाड माळावर आहे. आसपास मोबाइलचा टॉवर नाही, कारखाना नाही, म्हणून ही जागा निवडली. मोठमोठ्या अँटेनांच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात आणि त्यांच्या सावलीत मेंढरं बसतात. चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ आपलं जे ठाणं आहे, त्याचं सगळं बोलणं, सगळी मोजमापं, सगळी छायाचित्रं या तबकड्यांत उतरतात आणि मग आमच्या इमारतीतल्या यंत्रांत शिरतात.

इथे तारेबद्दल थोडं सांगायला हवं. माहिती तारेतून जाते ती विजेच्या ठोक्यांनी. दाब जास्त असला तर एक, कमी असला तर शून्य. ठोके सावकाश दिले तर तार इमानदारीने पोचवते. पण आमच्याकडे एकेका तारेतून सेकंदाला दहा हजार कोटी ठोके जातात आणि त्या वेगाला तांब्याचा धीर सुटतो. स्वस्त कागदावर शाईचं अक्षर फुटावं तसा प्रत्येक ठोका फुटतो आणि त्याची शेपूट पुढच्या ठोक्यावर पडते. सांध्यावर आपटून थोडा मागे फिरतो. शेजारच्या तारेतलं थोडं यात मिसळतं. पलीकडच्या टोकाला एक कुठला आणि शून्य कुठलं, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

हे तपासायची आमची एक रीत आहे. लाखो ठोक्यांच्या रेघा पडद्यावर एकमेकींवर काढायच्या. सिग्नल चांगला असेल तर मध्ये एक मोकळी जागा राहते, अगदी डोळ्याच्या आकाराची. आम्ही तिला डोळाच म्हणतो. सिग्नल बिघडला की डोळा मिटत जातो. सकाळी कामावर आल्यावर लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात, आम्ही डोळा उघडलाय का ते विचारतो.

मिटलेला डोळा उघडणाऱ्या यंत्राला समकारक म्हणतात. तार सिग्नलचं काय वाटोळं करते हे तो शिकून घेतो आणि नेमकं त्याच्या उलट करून सिग्नल पूर्वीसारखा करतो. मात्र त्यासाठी त्याला आधी एक चांगला नमुना दाखवावा लागतो. खरं कसं असतं हे एकदा कळलं, की त्याहून जे वेगळं ते सगळं बिघाड, असं तो धरून चालतो. तारेच्या बाबतीत ते बरोबरच आहे.

सानिकाने हा समकारक तारेवरून उचलला आणि माणसाच्या आवाजाला लावला. तिला ते सुचलं याचं कारण तिचा नवरा ओजस. तो होळीच्या सुमाराला चंद्रावर गेला. तिथे बर्फ शोधायला जमिनीत भोकं पाडणारी जी यंत्रं आहेत, त्यांची देखभाल त्याच्याकडे. घरच्यांशी बोलायला ठाण्यावरच्या लोकांना मंगळवारी आणि शनिवारी पंधरा पंधरा मिनिटं मिळायची, तीही शास्त्रीय माहिती पाठवून उरलेल्या चिंचोळ्या जागेतून. आवाज तुटायचा, मध्येच पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. पहिले दोन महिने सानिका फोन संपला की लॅबमध्ये येऊन माझ्यावर चिडायची. मी काय केलं होतं? पण नवरा पावणेचार लाख किलोमीटरवर असला की हाताशी असेल त्याच्यावर चिडतात.

मग तिने निर्मळ बनवली. नखाएवढी चिप. एक इथे, एक चंद्रावर. माणसाचा आवाज ती आधी तासभर ऐकते आणि पाठ करते. मग फोनवर तो बोलायला लागला की त्याचा सगळा आवाज पाठवायची गरजच उरत नाही. फक्त खुणा पाठवायच्या, पलीकडची चिप त्यावरून आवाज पुन्हा उभा करते. वाटेत काही हरवलं तर भरून काढते, खरखर आली तर पुसून टाकते. ओजसच्या आवाजाचा नमुना तो जाण्याआधीचाच होता. तेव्हा माइकच्या एका चाचणीसाठी दोघांनी आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसून ठाण्याच्या संडासाच्या देखभालीची पुस्तिका आळीपाळीने वाचली होती. दर चार वाक्यांनी हसत होते. मी बाहेरून काचेवर टकटक करून दटावत होतो. फार छान नमुना होता तो.

निर्मळ लागली आणि सगळ्यांच्या घरी दिवाळी झाली. एका अंतराळवीराची आई आम्हाला भेटायला बारामतीहून डबा घेऊन आली. माझा मुलगा माळ्यावर चढून बोलतोय असं वाटतं, म्हणाली. आमच्या केंद्रप्रमुख ढवळीकर मॅडम एरवी कौतुकाचा शब्द तोलून मापून देतात, त्यांनीही माझ्या पाठीवर थाप मारली. सानिका फोननंतर गाणं गुणगुणत यायला लागली. चूक शून्य, डोळा टक्क उघडा.

आता या नवराबायकोबद्दल सांगतो. दोघंही मनातलं बोलून दाखवण्यात अगदी कच्चे. सानिका फलटणची. त्यांच्याकडे माणूस परगावी निघाला की त्याला थांब म्हणायची पद्धत नाही, पायात पाय घालायचा नाही म्हणून. ओजस नाशिकचा, पण त्याच मातीचा. त्यांचं घर आवाजावर चालायचं. लग्नानंतर ओजसला बंगळूरला मोठी नोकरी आली होती. जाऊ का, त्याने विचारलं. जा की, सानिका म्हणाली. त्याने बॅग अर्धी भरली आणि परत रिकामी केली. मी त्याला नंतर कारण विचारलं तर म्हणाला, ती 'जा की' कशी म्हणाली ते तू ऐकलं नाहीस. चंद्रावर जायची वेळ आली तेव्हाही ती 'जा' म्हणाली, पण या वेळचं 'जा' खरं होतं, म्हणून तो गेला. आठ महिन्यांनी परत यायचा होता.

यान परत यायला निघणार होतं रविवारी. त्याआधीच्या मंगळवारी ओजसने फोनवर सांगितलं की यंत्रांना आता कुठे बर्फ लागलाय आणि कमांडर विचारतायत, पुढचं यान येईपर्यंत, म्हणजे अजून चौदा महिने, थांबतोस का. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तू म्हणशील तसं.

सानिकाने काय सांगितलं हे तिने मला बुधवारी सांगितलं. स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवत, भूक नाही म्हणत. ती त्याला म्हणाली होती, तुला राहावंसं वाटत असेल तर राहा, माझं इथे मजेत चाललंय.

"आणि तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला. होकार कळवतो म्हणाला." तिने डब्याचं झाकण उलटसुलट केलं. "खूश होता रे मुजावर. एकदम खणखणीत आवाज. मला वाटलं होतं जरा तरी अडखळेल."

मी तिची भाकरी खाल्ली. ती त्याची वाट बघत दिवस मोजत होती, हे मला माहीत होतं. घरी नवीन पडदे शिवून टाकले होते. त्याच्या मोटारसायकलची बॅटरी बदलून आणली होती आणि ती बदलताना हात पोळून घेतला होता. तिला तो हवा होता, आणि तिने मागितला नाही. तिने न मागता त्याने ते समजून घ्यावं, अशी तिची अपेक्षा होती. याआधी त्याने समजून घेतलंही होतं.

त्याच आठवड्यात निर्मळची तपासणी चालू होती. चिप आता रुग्णालयांना, न्यायालयांना द्यायचं घाटत होतं आणि त्यासाठी बाहेरून एक परीक्षक नेमले होते. त्या गृहस्थांनी एक साधी मागणी केली. तुम्ही सगळे आकडे चिपमधून आवाज बाहेर पडल्यानंतरचे दिलेत, म्हणाले, जरा आधीचेही दाखवा.

हे ऐकून मी हसलो होतो. आमच्या धंद्यात डोळा नेहमी समकारकानंतर बघतात. आधी बघण्यात काय मजा? तिथे तो मिटलेलाच असणार, हे कोणालाही माहीत असतं. म्हणून आम्ही निर्मळमधून बाहेर पडलेला आवाज घ्यायचो आणि निर्मळने जो आवाज बरोबर ठरवलाय त्याच्याशी ताडून बघायचो. चूक शून्य यायची. आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा, असा प्रकार होता तो. पण इतकी वर्षं तारेच्या बाबतीत हेच करत आलो होतो, त्यामुळे यात काही चुकतंय हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आधीचा आवाज मिळवायचा तर कोणाचा तरी खासगी फोन ऐकायला हवा आणि त्याला परवानगी लागते. सानिका म्हणाली, माझा मंगळवारचा घे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गुरुवारी दुपारी मी तो काढला. एका बाजूला तिच्या माइकमधून निर्मळमध्ये शिरलेला आवाज, दुसऱ्या बाजूला चंद्रावर ओजसच्या कानात पडलेला, पाठवलेल्या खुणांवरून इथे पुन्हा उभा केलेला. मी हेडफोन लावून आधी पहिला ऐकला.

'तुला राहावंसं वाटत असेल तर' इथपर्यंत ती बरी होती. मग थांबली. घोट गिळल्याचा आवाज आला. 'राहा' म्हणताना आवाज मधूनच फुटला आणि शेवटचं अक्षर जेमतेम बाहेर आलं. 'माझं इथे मजेत चाललंय' हे तिने इतक्या घाईने उरकलं की मला वाटलं आता ही रडणार. मी हेडफोन काढून ठेवले. सात वर्षं बरोबर काम करतोय, पण तो आवाज ऐकायचा माझा अधिकार नव्हता.

मग दुसरा ऐकला. घोट नाही. थांबणं नाही. 'राहा', भरघोस आणि मोकळं, मैत्रिणीला सहलीला पाठवावं तसं. 'माझं इथे मजेत चाललंय' यात तर हसू होतं. कुठलं हसू? संडासाची पुस्तिका वाचतानाचं. निर्मळला नमुना तोच दिला होता ना. घसा दाटला, आवाज कापला, श्वास अडकला, हे सगळं त्या नमुन्यात नव्हतं. चिपच्या लेखी तो तारेचा बिघाड होता, आणि तिने तो इमानेइतबारे दुरुस्त केला होता.

मी सानिकाला बोलावलं आणि काही न सांगता हेडफोन दिले. तिने दोन्ही ऐकले. परत दोन्ही ऐकले. तिचा चेहरा मी बघितला नाही, पडद्याकडे बघत राहिलो. तिथे आधीचा डोळा अर्धवट मिटलेला होता आणि नंतरचा टक्क उघडा. अहवालाला यापेक्षा देखणं चित्र मिळालं नसतं.

"त्याने हे ऐकलं?" तिने विचारलं.

"त्याने दुसरं ऐकलं."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग अगदी हळू म्हणाली, "मग मीपण दुसरंच ऐकलं असणार."

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ओजसचा कच्चा आवाज चंद्रावरच्या चिपमध्ये शिरला होता आणि तिथेच संपला होता. तो आमच्याकडे कधी आलाच नव्हता. त्याचं 'बरं' खरोखर कसं होतं, हे आता या पृथ्वीवर कोणालाही सांगता येणार नव्हतं. आणि एक मंगळवारच नव्हे, गेले सहा महिने तो काय हसून बोलत होता आणि काय रडून, याचा तिला पत्ता नव्हता. तिने स्वतःच्या हाताने बनवलेल्या चिपमुळे. मला तिची दया आली आणि भीतीही वाटली.

आज निर्मळला एक बटण असतं, कच्चा आवाज हवा असेल तर दाबायचं. ते बटण त्या दुपारचं आहे. पण त्या दुपारी ते नव्हतं, आणि पुढचा फोन होता शनिवारी, शुक्रवारची मुदत उलटून गेल्यावर.

निर्मळशिवाय चंद्राशी बोलायचा एकच रस्ता होता. संकटकाळासाठी ठेवलेला जुना रेडिओ. त्यात चिप नाही, काही नाही, बोललेलं जसंच्या तसं जातं आणि वाटेत मार खात पोचतं. तो असतो नियंत्रण कक्षात, आणि त्याचा आवाज भिंतीवरच्या कर्ण्यातून सगळ्या कक्षाला ऐकू जातो, कारण संकट हे सगळ्यांना कळायला हवं. आम्ही ढवळीकर मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. घरगुती बोलण्यासाठी तो रेडिओ उघडला तर उद्या रांग लागेल, म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

"एवढं काय बोलायचंय तुला त्याच्याशी?" त्यांनी विचारलं.

"बोलायचं नाही, मॅडम. मला त्याचा आवाज ऐकायचाय. मी सहा महिने ऐकला नाहीये."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आम्हाला इकडून तिकडून कळलं होतं. म्हणाल्या, संकटाच्या रेडिओची आठवड्याची तपासणी उद्या आहे, ती आजच करून टाका. तपासणीत कोण काय बोललं याची नोंद ठेवायची पद्धत नाही. मग कागदांकडे वळल्या.

कक्षात त्या वेळी दुपारच्या पाळीची माणसं होती. मी रेडिओ चालू केला, ठाण्याला हाक दिली, ओजसला बोलवायला सांगितलं. कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. बऱ्याच वेळाने तिच्यातून एक आवाज वर आला.

"सानिका? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

मी ओजसला ओळखलं नाही. बारीक, घोगरा, थकलेला आवाज. चार दिवस कोणाशी न बोललेला माणूस बोलतो तसा. सानिकाने ओळखला. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि तोंड उघडलं, पण शब्द येईना. चंद्रावर आवाज पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. ती अडीच सेकंद गेली, आणखी गेली, आणि तिकडून त्याने घाबरून पुन्हा तिचं नाव घेतलं.

"ठीक आहे सगळं," ती म्हणाली. "ओजस, तू ये. रविवारच्या यानाने ये. मला तू इथे हवा आहेस."

खरखर. मग तो म्हणाला, "ऐकू येत नाहीये. परत म्हण."

ती जागची उठून उभी राहिली. माइक तोंडाजवळ घेतला आणि मोठ्याने म्हणाली, की मला तू हवा आहेस. मी मंगळवारी खोटं बोलले, माझं काही मजेत चाललेलं नाही. कक्षातली सगळी माणसं आपापल्या पडद्यात इतकी बुडून गेली, की मी त्यांना इतकं मन लावून काम करताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुन्हा खरखर, पुन्हा तेच. "तुटतंय गं. अजून एकदा म्हण."

मग सानिका ओरडली. फलटणच्या बाजारात आवाज द्यावा तशी ओरडली, आणि बोलीही तिथलीच आली. "मला करमंना झालंय रं तुझ्याबिगर! घर खायला उठतंय. ये तू घरी!"

कोणीतरी हातातला पेन खाली ठेवला, तोही ऐकू आला. अडीच सेकंद झाली. पाच झाली. मी रेडिओच्या काट्याकडे बघितलं. सिग्नल खरं तर बरा होता, त्या दुपारी आभाळ चांगलं होतं. आवाज तिकडे नीट पोचायला हवा होता.

"सानिका," तो म्हणाला. "यानातली माझी जागा मी काल नायरला दिली. त्याचा खांदा निखळलाय, त्याला खाली नेणं भाग आहे. सही झाली. आता मला येता येणार नाही."

ती खाली बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो राहू दिला. कर्ण्यातून त्याचा श्वास ऐकू येत होता, अडखळत, ओलसर, चिपने एका क्षणात पुसून टाकला असता असा.

"मला वाटलं तू सुखात आहेस," तो म्हणाला. "मंगळवारी 'बरं' म्हणताना मी रडत होतो. तुला कळेल असं वाटलं होतं."

"नाही कळलं," ती म्हणाली. "ऐकूच आलं नाही मला."

पुन्हा अडीच सेकंद.

"तू आत्ता जे म्हणालीस ना, ते मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं," ओजस म्हणाला. "स्पष्ट. पण चौदा महिने काढायचेत इथे. पुरायला पाहिजे म्हणून परत परत म्हणायला लावलं."

सानिका हसली आणि त्यातच रडली. नाक पुसलं. कक्षात सगळे होते, मी होतो, दारात केव्हातरी येऊन उभ्या राहिलेल्या ढवळीकर मॅडम होत्या. तिने कोणाकडेही बघितलं नाही. माइक जवळ ओढला आणि चौथ्यांदा म्हणाली.